डबल स्टँडवर एक्केचाळीस किलोमीटर

१

चला, लावा पैज. गोष्ट बंगळुरातल्या पीण्याच्या, कारखान्यांच्या वस्तीतल्या, मीटरवाल्या उमाजीची. शेवट काय होतो ते आत्ताच सांगून टाका. मेला? छे, दाढी अजून वाढतेय त्याची. भुतानं धरलं? पीण्यात माणसाला उभं राहायला जागा नाही, भूत कुठं बसणार? वेड लागलं? ते तर लग्नाआधीपासूनच होतं, बायकोला, मथुराला, आंदणात मिळालेलं. अजून एकदा सांगा बघू. नाही जमत? मग गप बसा नि ऐका.

उमाजीचं दुकान म्हणजे वर सिमेंटचा पत्रा, पुढं शटर, आत एक टेबल. डाव्या हाताला यल्लाप्पाचं लेथ, समोर गटारीपलीकडं गंगव्वाचा चहा. उमाजी गाड्यांचे मीटर दुरुस्त करायचा. काटा अडकला, काटा नाचला, किलोमीटर पळेनात, आणा उमाजीकडं. वाचायला येत नव्हतं फारसं, पण आकडा बरोबर कळायचा.

आणि त्याची एक रीत होती. मीटर कसलाही असो, गाडी डबल स्टँडवर चढवायची, मागचं चाक हवेत, गियर टाकायचा आणि चाक फिरवत ठेवायचं. बाकीचे दोन मिनिटं बघून सोडतात. हा तासतासभर फिरवायचा. यल्लाप्पा ओरडायचा, "अण्णा, धूर तरी बाहेर सोड की! माझ्या छातीला काय पॉलिश मारतोस?" उमाजी म्हणायचा, "मीटर माणसासारखा असतो बाबा. पहिले दहा किलोमीटर खोटं बोलतो. दमला की खरं सांगतो."

घरी यशवंतपूरला मथुरा. सत्तावीस वर्षांचा संसार, त्यात भांडणानं एक दिवस रजा घेतली नव्हती. आणि काय भांडण! ह्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार. तो म्हणायचा "आमटीत..." की ती म्हणायची "मीठ तुमच्या जिभेतच नाही." तो म्हणायचा "माझा शर्ट..." ती म्हणायची "घातलाय की अंगात." शेजारची माणसं ऐकायला दारात येऊन बसायची. दोघंही आतून खूश.

एकच वाक्य होतं ज्याला उमाजीकडं उत्तर नव्हतं. "माझ्या माहेरच्यांसाठी तुम्ही काय केलंत?"

म्हणून मेहुणा विश्वासराव दोन वर्षं रिकामा बसला तेव्हा उमाजीनं अरविंदसाहेबाकडं शब्द टाकला. साहेबाची कंपनी टेलिफोनचे टॉवर उभे करायची, व्हाइटफील्ड, मारतहळ्ळीकडच्या माळावर. विश्वासरावनं येझदीवर हिंडायचं, जागेवर खूण ठोकायची, आकडे लिहून आणायचे. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. गाडीच्या हँडलला साहेबानं परदेशातनं आणलेला एक काळा डबा बसवून दिला होता, मुठीएवढा. आकाशातल्या उपग्रहांना विचारून तू कुठं आहेस ते सांगणारा. बंगळुरात असले डबे चार असतील की पाच.

आणि डबा चुकायला लागला. शंभर पावलं चुकला तर चालतं, साहेब म्हणला, उपग्रहवालेच मुद्दाम तेवढी चूक घालतात. पण हा तीनशे पावलं चुकला. टॉवरचा खड्डा भलत्याच माणसाच्या द्राक्षाच्या बागेत खणला गेला. माणूस कोयता घेऊन आला.

"शनिवारपर्यंत बघतो," साहेब म्हणला. "डबा सुधारला तर ठीक. नाहीतर डबा पण परत आणि तुम्ही पण परत."

सोमवारी विश्वासराव दुकानात आला, तोंड एवढंसं. "दाजी, अक्काला अजून सांगितलं नाही."

"सांगू नको," उमाजी म्हणला. "तुझ्या नोकरीपेक्षा माझी सत्तावीस वर्षं मोठी आहेत."

२

डबा खोलला. वायर ठीक, झाळलेलं ठीक, गंज नाही. डब्याला एक छत्रीच्या बोंडाएवढा एरियल होता, तो लांब वायरीनं पत्र्यावर नेऊन ठेवला, म्हणजे आभाळ दिसावं त्याला. डबा चालू झाला. आकडे आले. सगळं शहाण्यासारखं.

बटणं दाबता दाबता पडद्यावर एक झेंडा आला. बारका, काळा. शेजारी एक बाण, पुढं आकडा, ४१.०.

"हे काय रे?"

"आपण एखादी जागा आत ठेवली की असा झेंडा उभा राहतो, दाजी. पुढं किती किलोमीटर राहिले ते. पण हा मी नाही ठेवला."

"साहेबानं ठेवला असेल."

"साहेबाला बटणं कळत नाहीत."

"मग कंपनीतनंच आला असेल," उमाजी म्हणला. बाणानं दाखवलेल्या बाजूला बघितलं. बाजूला भिंत होती. भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर.

आता कुणीही शहाणा गाडी रस्त्यावर काढून डबा तपासला असता. उमाजीनं गाडी डबल स्टँडवर चढवली. तीस वर्षांची सवय. येझदीत मीटरची केबल इंजिनाकडनं येते, त्यामुळं मागचं चाक फिरलं की काटा चढतो. काटा चाळीसवर नेला, टेबलफॅन इंजिनासमोर लावला, स्टूल ओढून बसला. म्हणला, बघ विश्वास, मीटर चाळीस दाखवतो, तुझा डबा शून्य दाखवणार. चाकाला वाटतं आपण चाललोय, आकाशाला ठाऊक आहे आपण इथंच आहोत.

डब्यानं चाळीस दाखवलं.

उमाजीनं वेग कमी केला, तीस. डब्यावर तीस. ब्रेक दाबला. शून्य. आणि झेंड्यापुढचा आकडा एक्केचाळीस नव्हता राहिला. ४०.२ होता.

"प्लगचा करंट शिरतोय वायरीत," उमाजी म्हणला. असं होतं. रेडिओत नाही का खरखर येत? तसं. त्यानं वायरींना सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, परत गाडी चालू केली. परत चाळीसला चाळीस. इंजिन थंड करत, थोडं थोडं फिरवत, संध्याकाळपर्यंत झेंडा तेहतीसवर आला.

विश्वासराव तीच गाडी घेऊन यशवंतपूरला गेला. घरी उतरून बघतो तर झेंडा तेहतीसच. रस्त्यावर एवढी गाडी आली आणि झेंडा जागचा हलला नाही.

३

मंगळवारी सकाळी विश्वासराव मारतहळ्ळीला जाऊन दुपारी परत आला, हसत. "दाजी, अडीचशेच पावलं चुकला आज! काय केलंत?"

"काही नाही केलं."

"तेच परत करा की."

उमाजीला चैन पडेना. काही न करता सुधारलेला मीटर त्यानं बघितला नव्हता. त्यानं डबा हँडलवरनं काढला. गाडीच्या सगळ्या वायरी सोडवल्या. डबा टेबलावर ठेवला, वेगळ्या बॅटरीवर, गाडीपासून चार हात लांब. मधे काहीच नाही, नुसती हवा. मग गाडी चालू केली.

चाक फिरलं, झेंडा जवळ यायला लागला. चाक थांबवलं, झेंडा थांबला.

तीनदा केलं. चौथ्यांदा डब्याकडं पाठ करून केलं, जणू डबा बघतोय म्हणून लबाडी करत होता. मग स्वतःलाच हसला. म्हणला, पत्रा हलत असेल इंजिनाच्या धडधडीनं, वरचा एरियल हलत असेल, आकाशाला वाटत असेल चाललाय. जमलं की उत्तर. माणसाला उत्तर हवं असतं बघा, खरं नसलं तरी चालतं.

गाडी बंद करून तो मागच्या चाकाशी बसला. टायरच्या खाचांत माती होती.

तांबडी, ओली. तिच्यात गवताची पात, आणि नाचणीच्या ताटाचा एक बारका तुकडा. चाक जमिनीपासून दोन बोटं वर. खाली सिमेंटची फरशी, तेलाचे डाग. आणि चाक चढवायच्या आधी त्यानं स्वतः चिंधीनं पुसलं होतं, कारण धुरळा मीटरात जातो.

उमाजीनं माती बोटानं काढली. हुंगली. पावसानंतरचा वास नव्हता, कसलाच वास नव्हता. चिंधीला पुसून टाकली. झेंडा पंचवीसवर होता.

"गंगव्वा," तो समोर बघून म्हणला, "एक चहा."

"दोन घ्या की अण्णा, एक तुमच्या गाडीला. दोन दिवस झाले पळतीय, अजून दाराबाहेर गेली नाही!"

४

बुधवारी एकशे ऐंशी पावलं चुकला. विश्वासराव गाडीवरनं उतरता उतरताच सांगत होता. पण उमाजीनं त्याचं तोंड हलताना बघितलं आणि शब्द मागनं आले. अगदी थोडं. घोटभर चहा पिण्याएवढं.

"कानात मळ झालाय," उमाजी म्हणला.

त्यानं आगकाडीला कापूस गुंडाळून कान कोरले. निघालं काही नाही. शेजारी यल्लाप्पा घणानं पट्टी सरळ करत होता. घण खाली यायचा, पट्टीला लागायचा, परत वर जायचा, आणि मग ठण् व्हायचं. तळ्यापलीकडं धोबी कपडा आपटतो ना, तसं. पण यल्लाप्पा तळ्यापलीकडं नव्हता. हात लांब केला असता तर त्याची चड्डी ओढता आली असती.

संध्याकाळी गाडी बंद करताना त्याचा तळहात सायलेन्सरवर टेकला. वास आला जळल्याचा. बघतो तर कातडी पांढरी झालेली. दुखलं नाही. तो हाताकडं बघत बसला. कुलूप लावलं, शटरची किल्ली खिशात टाकली, वळला, आणि मग गटारीजवळ पोचल्यावर हात पेटला. तिथंच उकिडवा बसला बिचारा.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तीही मागनं येत असेल कुठनं तरी, असं त्याच्या मनात आलं, बस.

घरी मथुरानं हाताला खोबरेल लावलं. तिला आता नोकरीचं सगळं कळलं होतं, विश्वासरावच्या पोटात काही राहत नाही.

"मीटरवाले म्हणे," ती म्हणली. "स्वतःचा हात मोजता येत नाही."

उमाजी बघत राहिला. तिनं उत्तराची वाट बघितली. तेलाची बाटली बंद केली. मग तो म्हणला, "तुझं तोंड मोजायला गेलो होतो, हात भाजला."

ती हसली. पण मान तिरपी करून बघितलंही. "एवढा वेळ? म्हातारे झालात."

तेव्हा उमाजीनं तिला सांगितलं. झेंडा सांगितला, माती सांगितली, घणाचं सांगितलं. म्हणला, "मला हे पुरं करावंसं वाटत नाही. झेंड्याशी काय आहे ते मला ठाऊक नाही. आणि मथुरा, स्टँडवरची गाडी मागं चालत नाही. जेवढं गेलो तेवढं परत यायचं कसं?"

"गेलात कुठं तुम्ही? दुकानातच बसलाय की!" ती म्हणली. "विश्वासच्या पोरींची शाळा, आपल्या वरच्या खोलीचं त्याचं भाडं, सगळं ह्या डब्यावर आहे. माझ्या माहेरच्यांसाठी एकदा, एकदा तरी काही पुरं करा. दोन दिवस चाक फिरवायचं, त्याला एवढं भ्यायचं?"

तिचे ओठ हलायचे थांबले तेव्हा खोली शांत होती. मग तिचे शब्द आले, एक एक करून, लांबून. शेवटचं "भ्यायचं" पोचेपर्यंत ती स्वयंपाकघरात गेली होती.

"सरी, करतो पुरं," उमाजी म्हणला, रिकाम्या खोलीत.

५

गुरुवारी झेंडा नऊवर. डबा फक्त पन्नास पावलं चुकला, म्हणजे साहेबाच्या हिशेबानं पास. विश्वासराव म्हणला, इथंच थांबवू या दाजी. पण शुक्रवारी सकाळी डबा परत दीडशेवर गेला. अर्ध्यात सोडलेलं काम डब्याला आवडलं नसावं. शनिवार उद्यावर आला होता.

शुक्रवारी दुपारी अडीचला पीण्यातला करंट गेला. लेथ, प्रेस, कंप्रेसर, सगळं एका दमात गप. यल्लाप्पा जेवायला गेला. विश्वासरावला उमाजीनं घरी पाठवला. धूर जावा एवढं ठेवून शटर खाली ओढलं, गुडघ्याएवढी फट. आत अंधार नाही, उजेड नाही. येझदी स्टँडवर. किक मारली.

चाक फिरत होतं, इंजिनाचा आवाज नव्हता. तो यायचा होता अजून.

आठ. सात. तोंडावर वारा लागायला लागला. भिंतीवरचं कॅलेंडर हललं नाही, पण उमाजीच्या कपाळावरचे केस मागं गेले. पाच. फरशीवर माती पडत होती चाकाखाली, चिखलाचे गोळे, टप टप, पण टप टप ऐकू येत नव्हतं. त्याला वाटलं ब्रेक दाबावा. त्यानं पायाला सांगितलं. पाय तिथं होता, ब्रेकवर होता. दाबला की नाही ते त्याला कळेना.

दोन. एक. मग पडद्यावर पॉइंट आले, पॉइंट नऊ, पॉइंट चार.

शून्य.

चाक आपोआप थांबलं.

उमाजी स्टुलावर बसून राहिला. किती वेळ ते त्यालाही सांगता येत नाही. मग त्याची नजर शटरच्या फटीकडं गेली. फटीतनं रोज काय दिसायचं? गटार, गंगव्वाच्या स्टोव्हचे पाय, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला.

तिथं तांबडी जमीन होती. नांगरलेली नाही, पेरलेली नाही. सपाट, ओली, पार नजर जाईल तिथवर. झाड नाही, तार नाही, कावळा नाही. तो गुडघ्यावर आला, गाल फरशीला लावून बघितलं.

जमिनीत खुणा होत्या. दोन दोन. डबल स्टँडचे दोन पाय मऊ मातीत रुततात ना, तशा जोड्या. प्रत्येक जोडीमागं टायर फिरून पडलेली एक खाच. एक जोडी शटराजवळ, तिच्या पलीकडं एक, तिच्या पलीकडं एक, ओळीनं लावल्यासारख्या, शेकड्यानं. आणि त्यांच्यात कुठंही गाडी आल्याचा माग नव्हता. गेल्याचाही नव्हता.

सगळ्यात लांबच्या ओळीत काहीतरी फिरत होतं. चाक असेल. कुणीतरी त्याच्याशी बसलं होतं, पाठमोरं. त्या माणसानं मान वळवायला सुरुवात केली. सावकाश, जणू कुणीतरी मघाशी हाक मारली होती आणि ती त्याला आत्ता ऐकू आली.

उमाजीनं शटर पायानं दाबून खाली पाडलं.

मग त्यानं हातांच्या ओंजळीत तोंड घातलं आणि मनात मीटरच्या चक्रीचे दात मोजले, काट्याच्या मागं असतात तसले, एक एक. पुरते मोजून झाल्यावर शटर वर ढकललं. गटार होती. चपला होत्या. गंगव्वा समोर उभी होती, हातात ग्लास, तोंड उघडत होती, मिटत होती, हात हलवत होती. काहीच ऐकू येत नव्हतं. तिनं ग्लास त्याच्या हातात दिला, निघून गेली, स्टोव्हला पंप मारला, दुसऱ्या गिऱ्हाइकाला चहा दिला, त्याचा ग्लास विसळला.

मग आला तिचा आवाज, "अण्णा, शटर लावून आत काय करालाय? कधीची हाक मारतीय!"

आणि तिच्या आवाजाच्या मागं, अजून लांबून, येझदीचं इंजिन चालू झालं.

६

शनिवारी अरविंदसाहेब स्वतः मारतहळ्ळीला गेला. सर्वेवाल्यांचा जुना दगड होता तिथं, त्याच्यावर डबा धरला. एका पावलाचीही चूक नाही. साहेब म्हणला, उपग्रहवाले एवढी चूक घालतात ती तरी यायला पाहिजे होती की. परत तपासलं. नाही. झेंडा पडद्यावरनं गेला होता. विश्वासरावची नोकरी पक्की झाली, पुढं मुकादम झाला, आता खाली चार माणसं आहेत. पोरी शाळेत जातात.

उमाजीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं कानात शिट्टी वाजवली आणि लिहिलं, ऐकू येत नाही. चिठ्ठी घडी करून मथुराच्या हातात देईपर्यंत उमाजी म्हणला, "शिट्टी कोण वाजवतंय?" डॉक्टरनं फी घेतली नाही. त्याला त्यांना लवकर बाहेर घालवायचं होतं.

मीटर अजून दुरुस्त करतो. काम चोख. गाडी स्टँडवर चढवत नाही, रस्त्यावर काढतो, कडेकडेनं, कारण हॉर्न ऐकू येतो तेव्हा लॉरी पुढच्या स्टॉपला पोचलेली असते. सुई टोचली तर बोट बघून कळतं, दुखतं नंतर. जेवतो, चव येईपर्यंत ताट घासून ठेवलेलं असतं. विचारलं, कसं वाटतंय उमाजी? तर एवढ्या वेळानं सांगतो, "वाटेल." तक्रार नाही. तक्रार करायलासुद्धा आधी काहीतरी पोचावं लागतं.

उमाजीनं दिलं ते असं. पण मोल मथुरानं दिलं.

पहिले काही दिवस ती मोठ्यानं ओरडून बोलली. उपयोग नाही, आवाज मोठा होऊन पोचतो, लवकर नाही. मग हातवारे केले. हातवाऱ्यांनी जेवायला बोलावता येतं, भांडता येत नाही. पाटीवर लिहून दाखवावं तर त्याला धड वाचायला येत नाही. माहेरच्यांवरचं ते वाक्य तिनं परत कधी काढलं नाही.

दारात बसून ऐकणारी शेजारची माणसं हळूहळू यायची थांबली. ऐकायचं काय? ती एक वाक्य टाकते, मग शांतता. कुकरची शिट्टी होते. बाहेर भाजीवाला येऊन जातो.

आता ती असं करते. त्याच्या समोर कांदे घेऊन बसते आणि एखादं तिखट वाक्य सोडते, पहिल्यासारखं. मग चिरत बसते. एक कांदा होतो, दुसरा होतो. विश्वासच्या पोरी शाळेतनं येऊन काहीतरी मागतात, ती उठते, देते, परत येऊन बसते. डाळ उतू जाते, गॅस कमी करते.

आणि मग उमाजी खो खो हसायला लागतो. अगदी मनापासून, मांडीवर थाप मारून.

ती मान वर करते. तिला आठवत नसतं, आपण काय बोललो होतो.